10 नंबरची सुई आणि जुन्या स्वेटरांचे नमुने

तुळशीबागेच्या आसपास लोकरीच्या दुकानात जाऊन '10 नंबरच्या सुया द्या' म्हटलं की दुकानदार दुसरा प्रश्न न विचारता सव्वातीन मिलिमीटर जाडीची जोडी काढून पुढे ठेवतो. त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही. पण ब्रिटनमध्ये हे नंबर आता मागे पडलेत. तिथे सुया मिलिमीटरवर विकल्या जातात, आणि आजीच्या काळातला नमुना हाती आला की नव्या मुलींना तक्ता शोधावा लागतो. अमेरिकेत तर 10 नंबर मागितला की सहा मिलिमीटरची, जवळजवळ पेन्सिलीएवढी जाड सुई मिळते. साधारण 1930 ते 1960 या काळातल्या ब्रिटिश विणकाम-पुस्तिका ज्या आकड्यांत लिहिल्यात, ते आकडे पुण्यात अजून रोजच्या बोलण्यात आहेत. सुयांचे नंबर, लोकरीचे प्लाय, इंचातली मापं, सगळं तेच. जुने नमुने इंग्रजीतले, अवघड, म्हणून बाजूला ठेवणाऱ्या प्रत्येकीला मला सांगायचं आहे की तुमचं निम्मं काम आधीच झालेलं आहे. उरलेलं निम्मं कसं करायचं ते इथे लिहिते.

हे नमुने बहुतेक चार-आठ पानांच्या पुस्तिकांत असतात. लोकर बनवणाऱ्या कंपन्याच त्या छापायच्या, कारण नमुना मनात भरला की लोकर खपणार. 1920 मध्ये दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन झालेली पेटन्स अँड बाल्डविन्स ही त्यातली मोठी. 'सर्डार' ही दुसरी. तिचं नाव आपल्या ओळखीच्या 'सरदार' शब्दावरूनच आलंय: लॉर्ड किचनेर इजिप्तच्या सैन्याचा प्रमुख होता, त्या पदाला 'सरदार' म्हणत, आणि कंपनीच्या मालकाला किचनेरचं मोठं कौतुक. हाच किचनेर 1902 ते 1909 या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता. पायमोज्याचं टोक शिवण न येता जोडायची एक पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती त्याने सुचवली ही आख्यायिका असली, तरी नाव मात्र पक्कं चिकटलंय. कंपन्यांच्या पुस्तिकांखेरीज 1911 साली सुरू झालेल्या 'वुमन्स वीकली'सारख्या साप्ताहिकांतही नमुने यायचे. असे कागद पुण्यात कॅम्पातल्या जुन्या घरांच्या आवराआवरीत निघतात, रद्दीत जातात, कधी जुन्या बाजारात जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर येऊन पडतात. माझ्याकडची पहिली पुस्तिका मला तिथेच मिळाली, पितळी कुलपं आणि जुन्या चष्म्यांच्या शेजारी. आठ पानं, कडा पिवळ्या पडलेल्या, वर एका हसऱ्या बाईचा फोटो आणि तिच्या अंगात इतका नेटका स्वेटर की मी भावसुद्धा केला नाही.

घरी येऊन पान उघडलं तर सगळी अक्षरं आणि आकडे. 'के 2, पी 2, मग फुली, के 1, डब्ल्यू एफ, के 2 टुगेदर, फुलीपासून पुन्हा.' बीजगणिताच्या वहीसारखं.

पण यात कोडं काही नाही. 'के' म्हणजे सुलट टाका, 'पी' म्हणजे उलट. फुली म्हणजे इथून पुढचं पुन्हा पुन्हा करायचं, आरतीतल्या ध्रुवपदासारखं. 'डब्ल्यू एफ' म्हणजे लोकर सुयांच्या मधून पुढे घ्यायची. तशीच पुढे ठेवून पुढचा टाका सुलट विणला की सुईवर एक जादा वेढा पडतो आणि तिथे जाळीचं भोक तयार होतं. लगेच 'के 2 टुगेदर', म्हणजे दोन टाके एकत्र सुलट, कारण एक टाका वाढवला तर एक कमी करायला हवा. नाहीतर स्वेटर मुंडावळीसारखा लोंबत रुंद होत जाईल. 'पी एस एस ओ' दिसलं तर घाबरू नये: एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्यायचा, पुढचा विणायचा, आणि न विणलेला त्याच्यावरून ओलांडून सोडायचा. 'स्टॉकिंग स्टिच' म्हणजे आपली एक सुई सुलट, एक सुई उलट. 'गार्टर' म्हणजे सगळ्या सुया सुलट. 'मॉस स्टिच'ला माझी आत्या साबुदाण्याची वीण म्हणते, आणि मला ते नाव इंग्रजीपेक्षा जास्त बरोबर वाटतं; मॉस म्हणजे शेवाळं, आणि शेवाळ्यात दाणे कुठून येणार?

ही लघुरूपं कायम नव्हती. 1840 मध्ये एडिंबरोच्या जेन गोगेन या बाईंनी विणकामाचं पुस्तक छापलं आणि त्यात टाक्यांसाठी आखून घेतलेली चिन्हं वापरली. तोवर हे ज्ञान बहुतेक एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं. आत्याने मला शिकवलं तसंच: माझ्या हातावर तिचे हात ठेवून, तोंडाने 'घे, टाक, काढ'. व्हिक्टोरियन काळातले नमुने हाती आले तर तेवढं एक लक्षात ठेवावं की त्यांत प्रत्येक लेखिकेची चिन्हं वेगळी. पुस्तकाच्या सुरुवातीला खुलासा असतो, तो आधी वाचायचा. विसाव्या शतकातल्या पुस्तिकांत मात्र भाषा बरीच एकसारखी झालेली दिसते.

आता सुयांच्या नंबरांची गंमत. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे उलटं का? या नंबरांचं नातं तारेच्या मापांशी आहे. तार करताना धातू एकाहून एक लहान छिद्रांतून ओढत नेतात. सोनाराकडे हे बघायला मिळतं. जितक्या जास्त छिद्रांतून ओढली, तितका नंबर मोठा आणि तार बारीक. सुया म्हणजे मुळात तारेचेच तुकडे, म्हणून तोच हिशेब त्यांना लागला. 14 नंबर 2 मिलिमीटर, 11 नंबर 3, 10 नंबर 3.25, 8 नंबर 4, 6 नंबर 5 मिलिमीटर. अमेरिकेची मोजणी याच्या उलट चालते, तिथे नंबर वाढला की सुई जाड. म्हणून नमुना कुठल्या देशात छापला हे सगळ्यात आधी बघायचं. टाके बंद करण्याला 'कास्ट ऑफ' म्हटलं असेल तर तो बहुधा ब्रिटिश, 'बाइंड ऑफ' म्हटलं असेल तर अमेरिकन.

प्लायचं तसं सोपं आहे, पण एक फसगत आहे. प्लाय म्हणजे पीळ दिलेले पदर. जुन्या नमुन्यांत मात्र '3 प्लाय', '4 प्लाय' हे शब्द पदरांच्या संख्येपेक्षा जाडीचं नाव म्हणून येतात. ब्रिटिश 4 प्लाय म्हणजे साधारण 10 नंबरच्या सुईवर 10 सेंटिमीटरमध्ये 28 टाके बसतील इतकी जाडी. 3 प्लाय त्याहून बारीक, 32 टाके. आपल्या बाजारात 4 प्लाय म्हणून मिळणाऱ्या लोकरीची जाडी कंपनीगणिक वेगळी निघते. गुंड्यावरच्या अक्षरांवर विसंबू नये, सुईवर विणून बघावं.

इथेच मी चुकले होते, आणि ही चूक जुन्या नमुन्यांत सगळ्यात महागात पडते, म्हणून ती नीट सांगते.

पुस्तिकेत लिहिलं होतं: छाती 34 इंच, 'टेन्शन' इंचाला 7 टाके. मी 'टेन्शन' हा शब्द वाचला आणि पुढे गेले. पुढच्या भागाला 119 टाके, मागच्या भागाला 119. मी सव्वा महिना विणला. खांदे जोडले, बाजू शिवल्या, आणि स्वेटर अंगावर पोत्यासारखा उभा राहिला. आत्याने तो हातात घेतला, पट्टी मागितली, मधले टाके मोजले आणि म्हणाली, "अगं, तुझ्या हाताला इंचाला सहाच बसलेत की. आधी तुकडा विणून बघायचा असतो, बाळा."

हिशेब असा. दोन्ही भाग मिळून 238 टाके. इंचाला 7 प्रमाणे भागले तर 34 इंच. इंचाला 6 प्रमाणे भागले तर जवळजवळ 39.7 इंच. इंचामागे फक्त एका टाक्याचा फरक, तो डोळ्याला दिसतही नाही, आणि छातीला साडेपाच इंचांहून जास्त वाढ. 'टेन्शन' म्हणजे तुमच्या हाताचा ताण: तुम्ही ही लोकर या सुईवर विणलीत तर एका इंचात किती टाके आणि किती ओळी बसतात. तोच त्या नमुन्याचा पाया. बाकी सगळे आकडे त्यावर रचलेले असतात.

म्हणून पाच-सहा इंचांचा चौकोनी तुकडा विणायचा. कोमट पाण्यात भिजवायचा, पिळायचा नाही, टॉवेलात दाबून आडवा वाळवायचा. मग कडा सोडून मधल्या चार इंचांतले टाके मोजायचे आणि चाराने भागायचं. अर्धा टाकासुद्धा सोडायचा नाही. टाके कमी भरले तर एक नंबर वर जायचं, म्हणजे बारीक सुई घ्यायची; जास्त भरले तर एक नंबर खाली. दोन-तीन सुया बदलूनही जमत नसेल तर लोकरच वेगळ्या जाडीची आहे. मग नमुन्यातले आकडे सोडायचे आणि आपले काढायचे. मला छातीला 38 इंच हवेत, माझ्या तुकड्यात इंचाला साडेसहा टाके, म्हणजे 247. दोन भागांत वाटायचे, विणीच्या पुनरावृत्तीत बसतील असे दोन-चार टाके इकडेतिकडे करायचे. हा गुणाकार एकदा हातात आला की एकाच मापात छापलेला जुना नमुना कुणाच्याही मापाचा होतो. आणि जुने नमुने बहुतेक एकाच मापात छापलेले असतात, त्यामुळे हा गुणाकार टाळता येत नाही.

माप कळलं तरी अंगावर कसं बसावं ही आवड दशकागणिक बदलत गेली आहे. 1940 च्या दशकातले बायकांचे स्वेटर अंगाबरोबर, कधी छातीच्या मापापेक्षाही थोडे लहान, कारण वीण ताणली जाऊन घट्ट बसावी अशी अपेक्षा. लांबीला ते आखूड, कारण खाली उंच कमरेचा स्कर्ट असायचा. आज जीन्सवर किंवा सलवारीवर घालायचा तर बगलेच्या खाली तीन-चार इंच वाढवावेच लागतात. साडीवर मात्र तो जसाच्या तसा सुंदर बसतो, हे मी आत्याच्या अंगावर पाहिलंय. याउलट 1980 च्या दशकातले स्वेटर ढगळ, वटवाघळाच्या पंखांसारख्या बाह्यांचे. तिथे नमुन्यात दिलेलं छातीचं माप आणि प्रत्यक्ष स्वेटरचं माप यांत कितीतरी इंचांचं अंतर असतं. दोन्ही मापं दिलेली असतील तर दोन्ही वाचावीत.

1940 च्या दशकातल्या स्वेटरांच्या बारीक लोकरीमागे आणि आखूडपणामागे आणखी एक कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1 जून 1941 पासून, ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आलं. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं. विणायच्या लोकरीला दोन औंसांमागे, म्हणजे जेमतेम 57 ग्रॅमला, एक कुपन जायचं. हे रेशन लढाई संपल्यावरही 1949 पर्यंत चाललं. त्या काळच्या नमुन्यांतले आडवे पट्टे, वेगळ्या रंगाच्या बाह्या, छातीवरच्या रंगीत ओळी पाहिल्या की मला त्यामागची बाई दिसते: नवऱ्याचा विरलेला स्वेटर उसवणारी, लोकरीच्या लडी करून धुणारी, वजन लावून वाळवणारी, आणि उरलेल्या पाच रंगांतून मुलीसाठी नवा विणणारी. सरकारने 1943 मध्ये 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिकाच काढली होती, असलेल्यात भागवा आणि दुरुस्त करा म्हणून. आपल्याकडे हे कुणाला छापून सांगावं लागलं नसतं. माझ्या लहानपणीचे मोजे वडिलांच्या मफलरमधून आलेले होते.

चित्रांचे स्वेटर

गमतीचं विणकाम आपल्याला नवीन नाही. सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला थंडी पडली की स्वेटर आणि कानटोपी चढते, आणि ती बघायला आवर्जून जाणारे पुणेकर आहेत, मीही जाते. पण स्वेटरवर चित्र विणण्याची, नुसती गंमत म्हणून काहीतरी विणण्याची विलायती परंपरा फार मोठी आहे.

तिचा एक धागा पुण्यातून गेलेला माणूस जोडतो. 1921 च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे आठवा एडवर्ड झालेला, पुण्यात आला आणि शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला त्याने बसवली. पुढच्याच वर्षी, 1922 मध्ये, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना त्याने फेअर आइलचा रंगीबेरंगी स्वेटर घातला आणि त्या एवढ्याशा बेटाची वीण जगभर फॅशन झाली. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधलं हे बेट. तिथली पद्धत अशी की पूर्ण स्वेटरला अनेक रंग, पण एका ओळीत एका वेळी दोनच. जो रंग विणत नाही तो धागा मागून सैल चालत राहतो. चार-पाच टाक्यांहून लांब तो मोकळा सोडू नये, नाहीतर घालताना बांगड्या अडकतात. आणि ओढून घट्टही करू नये, नाहीतर पुढून सुरकुती पडते.

1927 मध्ये पॅरिसमध्ये एल्सा शियापारेल्ली या फॅशन डिझायनरने काळ्या स्वेटरवर पांढरा बो विणला. खराखुरा बांधलाय असं वाटावं, हात लावला तर सपाट. तो विणला पॅरिसमध्ये राहणाऱ्या एका आर्मेनियन बाईने, मागचा धागा पावलोपावली गुंतवत नेणाऱ्या पद्धतीने, त्यामुळे काळ्या अंगावर पांढरे बारीक ठिपके उमटले आणि कापड ताणायचं थांबलं. नाव मोठं झालं ते आखणारीचं. मला मात्र दर वेळी त्या विणणारीचे हात आठवतात, जे मी कधी पाहिलेले नाहीत.

मग 1930 च्या दशकातले लोकरीचे पोहण्याचे पोशाख, जे पाण्यात जड होऊन ओघळायचे. 1950 च्या दशकात कॅनडातल्या मेरी मॅक्सिम कंपनीची पाठीवर हरणं आणि बदकं असलेली जाड जाकिटं. चहाच्या किटलीच्या टोप्या, उकडलेल्या अंड्यांच्या टोप्या. आणि 1980 चं दशक, जेव्हा चित्रांच्या स्वेटरांना भरती आली. 1981 मध्ये लग्नाआधी, पुढे ब्रिटनची राजकुमारी झालेल्या डायानाने लाल स्वेटर घातला होता, त्यावर पांढऱ्या मेंढ्यांच्या रांगा आणि त्यांत एकच काळी मेंढी. सॅली मुइर आणि जोआना ऑझबॉर्न या दोघींनी 'वॉर्म अँड वंडरफुल' या नावाने तो केला होता. तिच्या स्वेटरची कड खराब झाली म्हणून त्यांनी दुसरा पाठवला. पहिला हरवला असं सगळे समजले होते, तो 2023 मध्ये माळ्यावर सापडला आणि त्याच वर्षी सॉदबीजच्या लिलावात 11 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. त्याच दशकात कॅफे फॅसेट या अमेरिकेत जन्मलेल्या कलाकाराच्या रंगांनी विणकामाला दालनांत नेलं. 1988 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं.

मोठं चित्र विणताना फेअर आइलची पद्धत चालत नाही, कारण मेंढीचा धागा पुढच्या मेंढीपर्यंत मागून ओढत नेता येत नाही. त्यासाठी 'इंटार्शिया'. प्रत्येक रंगाच्या तुकड्याला आपली वेगळी छोटी गुंडी, आणि रंग बदलताना जुना धागा नव्याभोवती एकदा फिरवून घ्यायचा. हा वेढा विसरलात तर दोन रंगांच्या मध्ये भोक पडतं, जिवतीच्या चित्रातल्या कातरकामासारखं.

आणि चित्राचा तक्ता. ठिपक्यांची रांगोळी किंवा भरतकामाची फुलीची टीप केलेल्यांना वाटतं, चौकटीच्या वहीत चित्र काढलं की झालं. मलाही वाटलं होतं. पण विणीचा टाका चौकोनी नसतो, तो उंचीपेक्षा रुंद असतो. समजा 10 सेंटिमीटरमध्ये 28 टाके आणि 36 ओळी बसतात. वहीत 28 बाय 28 घरांत गोल चंद्र काढला, तर तो विणल्यावर 10 सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम 7.8 सेंटिमीटर उंच होतो, म्हणजे चपटा. चंद्र गोल हवा तर 28 घरं रुंद आणि 36 घरं उंच काढायचा. कागदावर तो अंड्यासारखा उभट दिसतो, अंगावर गोल होतो. जुन्या पुस्तिकांतली चित्रं तक्त्यात विचित्र लांबोळकी दिसतात ती याचमुळे. छापणाऱ्याने चूक केलेली नसते, दुरुस्त करायला जाऊ नका.

पुस्तिका हाताशी नसेल तरी घरबसल्या पुष्कळ बघता येतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 1940 च्या दशकातले काही नमुने आपल्या संकेतस्थळावर खुले केलेत. रिचर्ड रट नावाचे बिशप होते, कोरियात बरीच वर्षं राहिलेले, स्वतः विणणारे आणि हातविणकामाचा इतिहास लिहिणारे. त्यांचा जुन्या पुस्तकांचा संग्रह साउदम्प्टन विद्यापीठाकडे आहे आणि त्यातली व्हिक्टोरियन पुस्तकं पडद्यावर पान उलटत वाचता येतात. कुणाचा नमुना छापून वाटायचा किंवा विकायचा तर हक्कांचा विचार करावा: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, निनावी लिखाणाला प्रसिद्धीपासून 60. स्वतःसाठी विणताना ही चिंता नको. कागद मात्र जपावा. मी मूळ पान कधीच सुईशेजारी ठेवत नाही, फोटो काढून त्यावर खुणा करते.

तो पोत्यासारखा स्वेटर मी उसवला. आत्याने खुर्चीच्या पाठीला लोकर गुंडाळत लडी केल्या, मी त्या धुऊन गच्चीवर वाळवल्या. सध्या त्याच लोकरीचा भाचीसाठी स्वेटर सुईवर आहे, 10 नंबर, इंचाला साडेसहा टाके. छातीवर चिमणी आहे, माझ्याच तक्त्यातली, कागदावर जरा जास्त उंच काढलेली. पंख आणि पोट झालंय. चोचीसाठी काळ्या लोकरीची हातभर गुंडी करून ठेवली आहे, ती पुढच्या ओळीला लागेल.